देठाचा उंदीर

कुंभोजहून वहिनींचे पत्र आले तेव्हा नेमिनाथ चौगुले सापाची ओकारी पुसत होते. बेल वाजली म्हणून त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा हातात तसाच धरून दार उघडले. आतून आलेल्या वासाने पोस्टमन मागे सरला. त्याने लांबूनच सही घेतली, पाकीट पायपुसण्यावर ठेवले आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरून गेला. नेमिनाथांनी कोपरापर्यंत हात धुतले, पत्र वाचले, पुन्हा वाचले आणि कपाटातल्या एका जाड शब्दकोशात ठेवून दिले. तेव्हा उन्हाळा होता. आता पावसाळा सरत आला होता, आणि पत्राला उत्तर गेले नव्हते.

वहिनींनी फार लिहिले नव्हते. नेमिनाथांच्या थोरल्या भावाला, आदिनाथदादांना, मेंदूत रक्तस्राव होऊन वर्ष होत आले होते. डोक्यात आता काही उरलेले नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. श्वाससुद्धा यंत्र देत होते. यंत्र काढायचे तर पत्नीची आणि रक्ताच्या एका नातेवाइकाची संमती लागणार होती. दादांना मूलबाळ नव्हते. रक्ताचे म्हणायला उरले एकटे नेमिनाथ. संमती फोनवर चालत नव्हती. आवाज आणि चेहरे कुणालाही बनवता येऊ लागल्यापासून कायद्याने मरणाच्या बाबतीत एकच पुरावा मानायचे ठरवले होते: कागदावर हाताने लिहिलेले आणि पोस्टाच्या खिडकीवर माणसाने माणसाला विचारून घेतलेले पत्र.

"भावजी, माझं मन झालंय," वहिनींनी शेवटी लिहिले होते. "तुमचं काय ते कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पण कळवा."

नेमिनाथांचा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. दुसऱ्यांची मते कोणत्या कपाटात कोणत्या फळीवर लावायची हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. स्वतःचे मत मात्र त्यांना कधी नीट हाताला लागले नाही. लागलेच, तर ते त्याच्यावरची धूळ झटकत बसत.

खरे दुखणे दादांच्या हृदयाचे होते. ते थांबत नव्हते. आजाराच्या काही वर्षे आधी त्यांच्या हृदयाचा एक कोपरा निकामी झाला होता, आणि तिथे त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या स्नायूचे ठिगळ लावले होते. थंड देशांतली काही कासवे गोठलेल्या तळ्याखाली सगळा हिवाळा श्वास न घेता काढतात, तरी त्यांचे हृदय धुकधुकत राहते. त्या कासवाच्या पेशींची ही हिकमत संशोधकांनी माणसाच्या पेशीला शिकवली होती. असा स्नायू प्राणवायू तुटला तरी दमत नाही, मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही, आणि शेजारच्या जुन्या स्नायूलाही आपल्याबरोबर ओढत नेतो. ठिगळ लावले तेव्हा सगळ्या कुंभोजने पेढे खाल्ले होते. पूर्वी मेंदू गेलेल्या माणसाचे हृदय काही दिवसांत आपोआप हार मानायचे आणि घरच्यांना कुणाला काही ठरवावे लागायचे नाही. आता ते हार मानीत नव्हते.

नेमिनाथ यावर विचार करायला बसत, आणि तेवढ्यात सापाला वाटीभर पाणी द्यायची वेळ होई.

साप त्यांचा नव्हता. मुलगा आणि सून नोकरीसाठी मस्कतला असल्याने नात ऋजुता त्यांच्याकडेच वाढली होती, आणि बेंगळुरूला शिकायला जाताना हा बोआ जातीचा, विळख्याने भक्ष्य आवळणारा साप त्यांच्या गळ्यात घालून गेली होती. पिंजऱ्यात पैदास झालेले परदेशी साप पाळायला परवाना मिळू लागल्यापासून सांगलीतल्या फ्लॅटांमधून ते दिसू लागले होते. भुंकत नाही, केस गळत नाहीत, पंधरवड्यातून एकदा जेवतो. ऋजुताने आणली ती मादी होती, आणि तिचे नाव ठेवले शांता. नेमिनाथांनी जैनाच्या घरात साप कसा, असे चाचरत विचारले, तेव्हा तिने देव्हाऱ्याकडे बोट दाखवले होते.

"आजोबा, पार्श्वनाथांच्या डोक्यावर फणा कुणाचा आहे?"

 तो फणा काही खात नाही, हे उत्तर त्यांना रात्री अंथरुणावर सुचले.

खाण्याचा प्रश्न 'अभय' या नावाने एक कंपनी विकत असलेल्या खाद्याने सोडवला होता. उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भातली डोके घडवणारी जनुके गप्प करायची आणि उरलेले शरीर कोमट द्रवाच्या पिशवीत वाढवायचे, अशी ती युक्ती. पाय येतात, शेपूट येते, हाडे, यकृत, अंगावर लव, सगळे येते. मेंदू येत नाही. मेंदू नाही म्हणून डोळा नाही, भीती नाही, वेदना नाही. मानेच्या जागी अन्नरसाची नळी जोडलेली असते. ती कापली की वांग्याच्या देठासारखा एक खुंट राहतो. म्हणून लोक त्याला देठाचा उंदीर म्हणत. सापाला ऊब आणि धडधड लागते, तेव्हा तो जिवंत हृदयासकट कोमट डब्यातून घरपोच येई. त्या डब्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापावा की नाही, यावर कोर्टात दावा चालू होता.

नेमिनाथांनी कंपनीची सगळी पत्रके वाचली. युक्तिवादात भोक सापडले नाही. पण डबा उघडला की ते तोंड वळवत. तळहाताएवढा तो गोळा कापसावर पडलेला असे, पाय मधूनच झटके, आणि जिथे तोंड असायला हवे तिथे तो खुंट वर करून असे, जणू कुणीतरी हाक मारायला आले आणि त्याचे डोके घरीच राहिले. किळस हा काही युक्तिवाद नव्हे, असे ते स्वतःला बजावत आणि चिमट्याने ते उचलत.

शेजारच्या देवमोऱ्यांकडे तर सापाचे जेवण हा समारंभ असे. बिल्डिंगमधली माणसे जमत, जयसिंगपूरच्या भडंगाची परात फिरे. काचेपलीकडे साप त्या बिनडोक गोळ्याला विळखे घालून आवळत असताना लहान मुले टाळ्या वाजवत. एकदा नेमिनाथांना आग्रहाने बोलावले. देवमोऱ्यांनी त्यांच्या ओंजळीत भडंग ओतला आणि म्हणाले, "बघा की काका बिनधास्त, दुखत नाही हो त्याला." नेमिनाथांनी ओंजळ तशीच धरून घरी आणली आणि बेसिनमध्ये सोडली. कुरमुरे वर तरंगत राहिले.

शांता मात्र वाळत चालली होती. तिचे अंग पूर्वी भाकरीच्या पिठासारखे भरीव होते. आता पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आला, आणि वेटोळे घातले की कातडीला सुरकुत्या पडू लागल्या. ती अभय धरायची, आवळायची, आवळतच राहायची. कधी दमून तसाच सोडून द्यायची. कधी गिळायची आणि थोड्या वेळाने ओकायची.

पत्र आले त्या दिवशी तसेच झाले होते. बुळबुळीत, लव झडलेला, ओल्या चामड्याचा तो गोळा फरशीवर पडला होता. वास सडलेल्या मासळीवर फिनाईल ओतावे तसा. नेमिनाथ कागद घेऊन खाली वाकले आणि तसेच थबकले. त्या चिकट कातडीखाली धुक, धुक, धुक चालू होते. त्यांनी हाताला आले ते स्टीलचे पातेले त्याच्यावर उपडे घातले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते पातेले पुन्हा त्यांनी वापरले नाही. भंगारवाल्यालाही दिले नाही, कारण कुणीतरी त्यात खाईल असे त्यांना वाटले.

ऋजुता फोनवर रडली. शांता मेली तर मी घरी येऊन काय करू, असे तिने विचारले. वीस वर्षांच्या मुलीचे बोलणे ते, पण नेमिनाथांना लागले. शेवटी त्यांनी मिरजेच्या डॉक्टर नसीमा मुजावर यांना दाखवायचे ठरवले.

डॉक्टरबाई पूर्वी म्हशींच्या डॉक्टर होत्या. आता दवाखान्यात म्हशींपेक्षा साप जास्त येत. त्यांनी शांताला हातावर घेतले, कण्यावरून बोट फिरवले, तोंड उघडून आत बघितले, विष्ठा तपासायला ठेवून घेतली आणि विचारले, "खायला कधी घालता?"

नेमिनाथांनी सांगितले की वेळेत घालतो. सूर्यास्ताच्या आत. नातीने सुरुवातीपासून तशी शिस्त लावली होती. अष्टमी-चतुर्दशीला काही नाही. ते सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितले. "काय हो काका, तुम्ही हिला दीक्षा दिलीय काय?"

नेमिनाथ कानापर्यंत लाल झाले. बोआ हा अंधार पडल्यावर शिकारीला निघणारा प्राणी, हे डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले. दिवसाउजेडी त्याला खायला घालणे म्हणजे माणसाला मध्यरात्री उठवून पुरणपोळी वाढणे. शिवाय पेटीची गरम बाजू नीट गरम नव्हती, लपायला जागा नव्हती, आणि ओकल्यानंतर लगेच पुन्हा खाऊ घालून आतड्यांचे मातेरे झाले होते. आता काही दिवस फक्त पाणी. कोमट पाण्याच्या टबात थोडा वेळ बसवायचे. हात लावायचा नाही. मग अगदी लहान घास, तोही दिवे मालवल्यावर, आणि तो अंगी लागला तरच पुढचा. उपाशी सापाला एकदम भरपेट घातले तर तो त्यानेच मरतो.

नेमिनाथांनी सगळे मनापासून केले. ग्रंथालयात जुन्या पोथ्यांना वाळवी लागू नये म्हणून करत तसे. आपल्या घरात सूर्यास्तानंतर कुणीतरी जेवणार, याची लाज वाटून त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला आणि लहानातला लहान अभय चिमट्याने पुढे केला. शांताने झेप घेतली. विळखा पडला. ते आशेने बघत बसले. खूप वेळ गेला. ती आवळतच होती. अंगातल्या उरल्यासुरल्या स्नायूंना कंप सुटला, आणि अखेर ती सैल पडून बाजूला झाली, पायऱ्या चढून आलेल्या म्हातारीसारखी. अभयचे पाय झटकत होते.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. शांताने विळखा घातल्यावर त्यांनी नेमिनाथांचा हात धरून अलगद तिच्या अंगावर ठेवला. नेमिनाथांनी डोळे मिटले. गार, कोरडे, घट्ट ताणलेले अंग. आणि त्याच्या आतून, दाराआड कुणी बोटाने टकटक करावे तशी धडधड.

"लागतंय हाताला? तिलाही तेवढंच लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोआला भक्ष्य मेलं हे डोळ्यांनी कळत नाही, काका. कातडीनं कळतं. हृदय थांबलं की ती सोडते. साध्या उंदराचं लगेच थांबतं, रक्त फिरायचं बंद झालं की खेळ संपला. आवळायला तिला फार ताकद लागते, म्हणून तिला हे कळणं गरजेचं. पण ह्यांनी ह्या उंदरात माणसांसाठी केलेलं हृदय घातलंय. ते कासवाचं. डब्यात टिकावं म्हणून. ते थांबत नाही, म्हणून ही थांबत नाही."

नेमिनाथांनी हात काढून घेतला. तो धोतराला पुसला. पुन्हा पुसला.

"म्हणजे ती मेलेल्याला मारत बसते," ते म्हणाले.

"हो. आणि त्यातच स्वतः मरायला लागलीय."

उपाय दोन होते. मारून गोठवलेला खरा उंदीर आणायचा आणि गरम करून द्यायचा. नाहीतर अभयचेच हृदय आधी हाताने थांबवायचे: खुंटाखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, एक खोल काप. डॉक्टरबाईंनी बॅगेतून एक छोटी सुरी काढून टेबलावर ठेवली. नेमिनाथ मागे सरकले. तुम्हीच करता का, असे त्यांनी हळू आवाजात विचारले. प्रत्येक जेवणाला मी मिरजेहून कुठून येऊ, असे बाई म्हणाल्या, आणि मग जराशा नरम होऊन: "त्यात जीव नाही असं तुम्हीच मानता ना? मग हरकत कसली?"

नेमिनाथांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. त्या हातांनी कधी काकडीसुद्धा चिरली नव्हती.

त्यांनी ऋजुताला फोन केला. खऱ्या उंदराचे नाव काढताच ती म्हणाली, घरात असले काही आले तर मी पाऊल ठेवणार नाही. मग त्यांनी सुरीचे सांगितले. 

"ई, आजोबा. तुम्ही कापणार? स्वतःच्या हातानं?"

"त्याला दुखत नाही ना पण, बाळ. तूच म्हणतेस."

"दुखत नाही, पण... मग ते शांतालाच करू दे ना."

तिने ते अगदी भाबडेपणाने म्हटले. नेमिनाथांनी फोन ठेवला. आपले सगळे पुण्य या एका वाक्यावर उभे होते, असे त्यांना वाटू लागले. आपण स्वच्छ राहायचे, आणि थांबवायचे काम काचेपलीकडच्या कुणाला तरी करू द्यायचे. ती वाळली की तिचे वजन करायचे. त्यांना शब्दकोशातले पत्र आठवले, आणि किळस आली. या वेळी ती उंदराची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते कुंभोजला गेले.

दादा बाहेरच्या खोलीत होते. गाल गुलाबी, कपाळ तुळतुळीत, नखे नीट कापलेली. हात हातात घेतला तर उबदार. छातीवरची चादर यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती आणि तिच्या आत, यंत्राशी काही देणेघेणे नसल्यासारखे, दुसरेच काहीतरी ठोके देत होते. गल्लीतल्या दोन बायका दर्शनाला आल्या होत्या. चेहऱ्यावर काय तेज आहे बाई, असे म्हणून त्यांनी दादांच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि जाताना यंत्रालाही केला. नेमिनाथांना देवमोऱ्यांचा भडंग आठवला. त्यांनी दादांचा हात चादरीवर ठेवला, आणि आपला हात धोतराकडे गेला तो मध्येच थांबवला. सख्ख्या भावाचा हात.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या तेव्हा नेमिनाथांनी त्यांना आधी ओळखलेच नाही. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. लुगड्याच्या काठावर गळ्याची हाडे उभी राहिली होती. त्या दादांना उचलून कूस बदलत, पाठ पुसत, नळीतून पेज घालत. आणि पेज त्या सूर्यास्ताच्या आतच घालत, एक दिवससुद्धा चुकवला नव्हता, हे त्यांनी आपणहून सांगितले. रात्री मध्येच उठून त्या दादांच्या छातीवर हात ठेवून बघत. चालू असायचे. मग झोप लागायची नाही.

त्यांनी नेमिनाथांपुढे ताकाचा पेला ठेवला. पत्राचे नाव काढले नाही. इकडचे तिकडचे झाले. सासूबाईंची आठवण निघाली: म्हातारपणी त्यांनी सल्लेखनेचे व्रत घेतले होते, सगळ्यांची क्षमा मागून, अन्न आणि मग पाणी सोडून, शेवटी हात जोडलेले असतानाच गेल्या. "त्यांनी म्हटलं, आणि त्यांचं शरीर ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं शरीर कुणाचंच ऐकत नाही."

नेमिनाथांनी पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "वहिनी, मी उत्तर दिलं नाही."

"नाही दिलंत."

"दादांचा श्वास माझ्या अक्षरानं थांबणार, हे..."

"आणि माझ्या अक्षरानं थांबला तर चाललं असतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "भावजी, मला वाटायचं तुम्ही पुस्तकात बघताय. म्हटलं, जगातली सगळी पुस्तकं बघून होतील तेव्हा लिहितील. मी आहेच की इथं, धरून बसलेली. पण माझ्याच्यानं आता फार दिवस धरवत नाही."

त्यांना निरोप देताना वहिनी दाराला टेकून उभ्या राहिल्या. दाराचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उभे राहता येत नव्हते, हे नेमिनाथांनी बघितले, आणि न बघितल्यासारखे करता आले नाही.

त्या आठवड्याचा अभय आला तेव्हा त्यांनी आंघोळ केली, जुने धोतर नेसले आणि संडासाशेजारच्या मोरीत एक फळी टाकली. दिवस मावळायला आला होता. डब्यातून गोळा काढून त्यांनी फळीवर उताणा ठेवला. पाय झटकले. लव बोटांना ओलसर लागत होती, आणि आतली हाडे काडेपेटीच्या काड्यांसारखी सरकत होती. त्यांनी पुढच्या दोन पायांच्या मध्ये बोट ठेवले. धुक, धुक. त्यांच्या तोंडाला पाणी सुटले, ओकारीच्या आधी सुटते तसे. त्यांनी दोनदा सुरी ठेवली आणि दोनदा उचलली. णमोकार मंत्र म्हणावा असे वाटले. मग वाटले, हे काम त्या शब्दांच्या आड लपून करू नये.

त्यांनी काप दिला. कातडी वाटली त्यापेक्षा चिवट निघाली. पुन्हा दाबावे लागले. काहीतरी कुरकुरले आणि गरम रक्त अंगठ्यावर आले, लोखंडाच्या वासाचे, उंदराला असायला हवे त्याहून कितीतरी जास्त. सुरीच्या पात्यातून ठोके हातापर्यंत येत होते. ते हळू झाले. एक आला, मग वाटले संपले, आणि मग पुन्हा एक आला. नेमिनाथ सुरी धरून वाट बघत राहिले. आणखी नाही आला. ते मोरीच्या कडेला वाकले आणि दुपारचे सगळे जेवण त्यांच्या पोटातून बाहेर पडले.

मग त्यांनी चूळ भरली, गोळा गरम पाण्यात धरून कोमट केला, खोलीतला दिवा मालवला आणि चिमटा पुढे केला.

शांताने हवा चाटली. झेप घेतली, विळखा घातला, आवळले. नेमिनाथांनी श्वास रोखला. ती जरा थबकली, काहीतरी ऐकत असल्यासारखी. विळखा सैल झाला. तिने त्या गोळ्यावरून तोंड फिरवले, डोके शोधले, सापडले नाही, आणि अखेर खुंटाकडून गिळायला सुरुवात केली. जबडे एकेका बाजूने पुढे सरकत गेले. लाळ, रक्त, मग शेपटीचे टोक, तेही गेले. बघवत नव्हते. तरी ते बघत बसले. एवढे तरी आपण केलेच पाहिजे, असे त्यांना वाटले. रात्री ती ओकली नाही, सकाळी नाही, आणि त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. गरम बाजूला वेटोळे घालून ती निवांत पडली होती, मध्ये एक लहानसा फुगवटा.

किळस गेली नव्हती. बोटांना अजून वास येतो असे वाटून ते सारखे हात धुत होते. आपण केले ते बरोबर की चूक, हेही त्यांना पक्के कळले नव्हते. आयुष्यात कळले तर नवल. पण हात पुसून त्यांनी शब्दकोश उघडला, पत्र बाहेर काढले, समोर ठेवले आणि कोरा कागद घेतला.

'ती. सौ. वहिनींस, जय जिनेंद्र. उशीर झाला. पुस्तकात बघत नव्हतो, नुसता लपलो होतो. दादांचे यंत्र काढण्यास माझी संमती आहे. एक विनंती. तारीख ठरली की कळवावे. मी आदल्या दिवशी येईन. यंत्राचे बटण डॉक्टरांनी दाबू नये, तुम्ही तर मुळीच दाबू नये. ते मी दाबीन, आणि ठोके थांबेपर्यंत माझा हात त्यांच्या छातीवर राहील. फार वेळ लागला तरी. तुम्ही तोवर जरा पडावे. आपला, नेमिनाथ.'

अक्षर वाकडेतिकडे आले होते. नव्याने लिहावे असे त्यांच्या मनात आले. आणखी एकदा लिहायला घेतले तर आणखी एक पावसाळा जाईल हे ओळखून त्यांनी तसेच पाकिटात घातले.

पोस्टात अशा पत्रांची वेगळी खिडकी होती. तिथली कारकून बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत नेहमीचा प्रश्न विचारायला लागली. दिवसभर विचारून तिच्या आवाजातून त्याचा अर्थ झिजून गेला होता.

"स्वतःच्या हातानं लिहिलंय ना, आजोबा? कुणी लिहून नाही दिलं?"

नेमिनाथांनी काउंटरवर ठेवलेल्या हाताकडे बघितले. अंगठ्याच्या नखाच्या कडेला, कितीही घासले तरी न निघालेली, तपकिरी रेघ होती.

"नाही," ते म्हणाले. "माझ्याच हातानं."

बाईने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकले.